पुसेगावकडच्या तळ्यातली राखण

ते पत्र माझ्या नातीच्या, प्रज्ञाच्या, दप्तरात तीन दिवस पडून होतं. चौथ्या दिवशी माझ्या हाती लागलं. वानखेडे मॅडम सातवीच्या चौदा मुलांना तळ्यावर नेणार होत्या, माशांचा अभ्यास करायला. खाली पालकाच्या सहीसाठी रेघ होती.

“पाण्यापाशी लेकरं न्यायची? काहून? पुस्तकात चित्रं न्हाईत का माशांची?” मी विचारलं.

“आबा, तळं तुमच्याच गावचं हाय,” ती म्हणाली. “तिथं मरळ असते अन् ती पिल्लाची राखण करते, हे तुमीच सांगितलं. मी ते वर्गात सांगून बसले. म्हणून तर मॅडमनी ते तळं ठरवलं.”

म्हणजे चौदा लेकरं माझ्या शब्दावर निघाली होती. मरळ दिसली नाही तर पोरीला वर्गात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. मी सही केली आणि खाली लिहिलं, ‘मी पण येतो.’

मी पाचवीत शाळा सोडलेला माणूस. जन्म हिंगोलीच्या मोंढ्यात पोती उचलण्यात गेला. सहलीला कधी गेलो नव्हतो, त्यामुळे काय न्यावं ते कळेना. रात्रभर आठवून आठवून पिशवी भरली. पंधरा हात दोर, हळदीची पुडी, मीठ-साखर, दोन टॉवेल, बॅटरी. बसस्टँडवर एका पोरानं पिशवीत डोकावून विचारलं, “आबा, आपण तळ्यावर चाललो का हिमालयात?”

श्रावण होता. एसटी नरसीला थांबली. तुम्ही लेकरं घेऊन जाणार असाल तर इथेच खाऊन घ्या, पुढे तळ्यापर्यंत काही मिळत नाही. स्टँडसमोर गरम भजे मिळतात, चहाही बरा असतो. तिथल्या देवळात दर्शनाला आलेल्यांची गर्दी फार होती. मी मुलं मोजली, तेरा भरली. पुन्हा मोजली, तरी तेराच. मॅडमना हाक मारणार, तेवढ्यात प्रज्ञा समोरच्या दुकानातून राजगिऱ्याचा लाडू घेऊन आली. “तुमी कवाचे उपाशी, म्हणून आणला,” म्हणाली. तिला रागवायचं राहूनच गेलं.

पुसेगावच्या बाजूला फाट्यावर उतरलो. तिथून अर्धा तास पायी. दोन्ही अंगाला सोयाबीन आणि हळद. वाट काळ्या मातीची आहे, चपला घालू नका, चिखलात एकेक शेर जड होतात. सगळ्या लेकरांनी चपला हातात घेतल्या. मी मात्र कोणाच्या पायात काटा मोडतो का हे बघत मागून चाललो.

तळं होतं तसंच होतं. कडेला लव्हाळं, बांधाच्या पाळीवर बाभळी. मॅडमनी गट पाडले. एका गटाने खुणा केलेल्या काठीने पाणी मोजलं, एकाने बरणीत पाणी भरून त्यातले किडे पाहिले, एक गट झिंगे आणि बारके मासे गाळणीत घेऊन, वहीत त्यांची चित्रं काढून परत सोडत होता. घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही असं मॅडमनी एकदा सांगितलं, मी वीसदा सांगितलं. प्रज्ञाच्या गटाला मरळ शोधायची होती.

दीड तास झाला. मरळ नाही.

“प्रज्ञे, तुह्या आबाची मरळ गावाला गेली वाटते,” कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. प्रज्ञा हसली नाही. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं.

आता खरं सांगतो. मी पाळीवर चढलो तेव्हाच मला जागा दिसली होती. लव्हाळ्याच्या आत, हातभर पाण्यावर, लालसर डाग थरथरत होता. पाऊस नसताना तेवढ्याच जागी बारीक पाऊस पडावा तसं पाणी हलत होतं. मरळीची पिल्लं वर येऊन हवा घेतात, तेव्हा असं दिसतं. मी गप्प बसलो, कारण दाखवलं की प्रज्ञा विचारणार, तुम्हाला कसं कळलं? राखणीची गोष्ट मी तिला सांगितली होती. पुढचं सांगितलं नव्हतं.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. “चला, पुढच्या वर्षी बघू.” प्रज्ञा वही मिटू लागली.

“तिकडं बघा,” मी म्हणालो. “लव्हाळ्यात. लाल.”

सगळी लेकरं धावली. एकाने तर गाळणी पुढे केली, पिल्लं उचलून मोजायला. मी ओरडलो, “हात लावू नको! मोठा मासा खालीच हाय!” तेवढ्यात पाणी फुटलं. काळी पाठ वर येऊन आपटली, गाळणी पाण्यात पडली आणि पोरगं मागे चिखलात बसलं. मग हसू, आरडाओरडा.

“आबा, तुमाला कसं ठावं मोठा मासा खाली हाय?” प्रज्ञानं विचारलंच.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी जवळच्या दगडावर बसलो.

“आमी या लाल खुणेवरच मरळ मारायचो. गळाला जिती बेडकी लावायची अन् पिल्लाच्या पुंजक्यावरून ओढायची. राखणीचा मासा बेडकीवर धावतो. भुकेनं न्हाई, पिल्लापायी. एका फटक्यात सापडतो.”

“अन् पिल्लं?”

“बगळे खायचे. दोन दिवसात पाणी साफ.”

प्रज्ञा खाली बघून पायाने चिखल उकरत होती. घरात खायला नसायचं हे मी सांगू शकलो असतो. खरंही होतं. पण प्रत्येक वेळी ते खरं नव्हतं, म्हणून नाही सांगितलं.

मॅडम हळूच म्हणाल्या, “पुस्तकात लिहिलंय, राखणीला बऱ्याचदा बापच असतो.”

मी जन्मभर त्याला आईच समजत आलो होतो.

मग मी पिशवीतला दोर काढला आणि काठालगतच्या दोन बाभळींना बांधला. “याच्या पुढं कोणी जायचं न्हाई.” चौदा लेकरं दोरामागे बसली आणि मोठा मासा हवा घ्यायला किती वेळा वर येतो ते मोजू लागली. बगळा आला तेव्हा पिल्लं खाली गेली आणि पाण्यावर पुन्हा ती काळी पाठ आपटली. बगळा उडाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्यामागे फेऱ्या घालत होतो, मागे घसरणीचा उतार होता म्हणून. “मॅडम, एक मरळ आपल्या मागं पण हाय,” एक पोरगी म्हणाली. यावेळी प्रज्ञा हसली.

तुम्ही जाल तर श्रावणात, सकाळच्या उन्हात जा. लाल डाग दिसला की लांबच बसा, दगड मारू नका. दोर न्या.

आमच्या घरी मासे तेव्हाही खायचे, अजूनही खातात. मीही खातो. फक्त या दिवसांत बाजारात मरळ दिसली तर पुढे जातो.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर प्रज्ञा वही घेऊन माझ्यापाशी बसली. मॅडमनी रकाने आखून दिले होते. काय पाहिलं. कोणी सांगितलं. त्यांना कसं माहीत. शेवटचा रकाना कोरा होता.

“काय लिहू, आबा?”

ही वही वर्गभर फिरणार होती. “जे हाय ते लिही,” मी म्हणालो.

आता ती परभणीला कॉलेजात आहे. हा ब्लॉगही तिनेच मला उघडून दिला. वही माझ्या ट्रंकेत आहे, कधी कधी काढून बघतो. त्या रकान्यात लिहिलंय, ‘आबांनी पूर्वी बेडकी लावून मरळी मारल्या, म्हणून त्यांना जागा कळते. आज त्यांनी दोर बांधला.’

शेवटचं वाक्य रकान्यात मावत नव्हतं. तिने अक्षर बारीक करून ते बसवलं आहे.