साडूभाऊचा न मरणारा माणूस

आमच्या हिनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे माझ्या साडूच्या पिक्चरमधलं रक्त धुणं. ती दगडावर पातळ घासत होती आणि मी वरून तांब्यानं पाणी सोडत होतो. रक्त म्हणजे केळीचा चीक. तो कपड्याला लागला की कपडा फाटेल पण डाग जाणार नाही, हे आमच्या यावलकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. साडूला ठाऊक नव्हतं, कारण तो धुळ्याचा. घासता घासता ही म्हणाली, "तुमच्या साडूले सांगा, पुढच्या पिक्चरमधी लोकायले जुन्या गोण्याच नेसव म्हना." मी म्हटलं, "तुझ्या बहिणीचा नवरा आहे, तूच सांग." ती हसली. पातळ पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकता टाकता खाली बसली ती उठली नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. मला साडूबद्दल लिहायचं आहे.

मरणाला माझ्या साडूइतका भ्यालेला माणूस अख्ख्या खानदेशात नसेल, आणि मरणाच्या मागे त्याच्याइतका हात धुऊन लागलेलाही नसेल. चाळीस वर्षं त्यानं धुळ्यात लग्नाच्या शूटिंग केल्या. त्याआधी त्याचा फोटोचा स्टुडिओ होता. पण त्याचं खरं काम म्हणजे न मरणं. तो मयतीला जात नाही. "नाना, मरण चेहरा ध्यानमां ठेवस," असं मला सांगतो आणि दहाव्याला बायकोला पाठवतो. त्याच्या घरात कॅलेंडर नाही. वय विचारलं तर कधी छप्पन्न सांगतो, कधी बासष्ट, आणि मोठ्या माणसासमोर एकदम खाली येतो. एकदा सातपुड्यातल्या कोणा वैदूनं त्याला आयुष्य वाढायची मुळी दिली. ती उगाळून प्यायला आणि दोन दिवस झोपून राहिला. मेव्हणी रडून रडून अर्धी झाली. तिसऱ्या दिवशी उठून म्हणाला, "हाई दोन दिवस मी जगनूच नही. म्हणजे त्या दोन दिवस शिल्लक पडनात." हा हिशोब बरोबर का चूक, मला काय कळणार? माझी शाळा चौथीत सुटली.

आणखी एक खोड म्हणजे तो काही पुसत नाही, काही टाकत नाही. घरातली एक अख्खी खोली लोखंडी कपाटांनी भरलेली आहे आणि त्यात चाळीस वर्षांच्या कॅसेटी, नंतरच्या सीड्या, त्यानंतरच्या कॉम्प्युटरला लावायच्या त्या काळ्या डब्या. कशावरही नाव नाही. मी विचारलं, "निदान नाव तरी लिहून ठेव." तर म्हणाला, "नाव लिखं का तारीख लिखनी पडस. तारीख लिखी का मोजदाद सुरू व्हस." मेव्हणी पापड वाळत घालायला जागा मागून मागून थकली. पुसलं म्हणजे मेलं, असं त्याचं सरळ शास्त्र आहे.

तर अशा माणसानं म्हातारपणी पिक्चर काढला, तो न मरणाऱ्या माणसाचा. रक्त पिणारा, सुळे असलेला, ज्याला तो व्हॅम्पायर म्हणतो आणि आमची ही वटवाघूळ म्हणायची. हा वटवाघूळ मात्र रात्री निघत नाही, भर दुपारी बाराला निघतो. मी म्हटलं, "असली भुतं उन्हाला भितात ना?" तर तो म्हणाला, "नाना, जळगाव जिल्हामां मे महिनाना उनले कोन भीत नही? रातले शेतनी लाईट येस, बठ्ठं गाव बॅटऱ्या लिसन मोटारी चालू कराले बागमां. भूतनी निघानं कव्हय? दुपारलेच गाव मोकळं राहस." हे मला पटलं. वटवाघळाचं तोंड, उन्हात सगळेच बांधतात तसल्या बागायती रुमालानं बांधलेलं, डोळ्यांवर गॉगल. तसाच तो आमच्या गावातून चालत गेला तर कोणी वळून पाहिलं नाही. दुकानाच्या ओट्यावरचा एक जण तर म्हणाला, "पाव्हणं, लई ऊन हाये, पाणी प्या."

वटवाघूळ तो स्वतःच झाला होता. जुन्या कवळीला त्यानं दोन लांब सुळे बसवून आणले होते. ते घातले की त्याला बोलता येईना आणि चहा प्यायला तर हनुवटीवरून ओघळे. कॅमेरा तिवईवर लावायचा, बटण दाबायचं आणि पळत येऊन समोर उभं राहायचं, हे सगळं अडुसष्टाव्या वर्षी. मेव्हणी चहा करायची. मी थर्माकोलचा मोठा पांढरा पत्रा धरायचो, त्यावरून ऊन तोंडावर पाडायला. लाल रंग खोटा दिसतो, वाळलेलं रक्त तपकिरीच असतं, म्हणून यानं माझ्याच बागेतलं खोड चिरलं आणि चीक सगळ्यांच्या अंगावर उडवला.

गोष्ट त्यानं मला सांगितली तेव्हा मी हसलो नाही. हा तीनशे वर्षांचा माणूस गावोगाव फिरतो आणि विचारतो की माझ्यासोबत कोणी न मरता राहील का. त्याला रक्त नको आहे, सोबत हवी आहे. त्याच्या बायका म्हाताऱ्या होऊन मेल्या, पोरं म्हातारी होऊन मेली, आणि हा तसाच. कोणी हो म्हणत नाही. शेवटी केळीच्या बागेत त्याला एक म्हातारी भेटते. ती हो म्हणते. ती म्हातारी म्हणजे आमची ही. तिला एकच वाक्य होतं, "मला अमर करा." ते तिनं चार दिवस भाकरी थापताना पाठ केलं. मी म्हटलं, "एवढ्याशा वाक्याला चार दिवस?" ती म्हणाली, "तुमाले काय, तुमाले नुसता पत्रा धराचा हाये."

मग ती गेली. मयतीला साडू आला, पण गावाच्या एसटी स्टँडपर्यंतच. बायकोला पुढे पाठवलं आणि स्वतः तिथल्या बाकड्यावर बसून राहिला. सगळं उरकून माणसं परत आली, अंघोळी झाल्या, तरी हा तिथंच. संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. ज्या बाईला हा अक्का म्हणायचा, जिनं याला पंचवीस वर्षं मांडे करून वाढले, तिच्यासाठी याला दोनशे पावलं चालवली नाहीत. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. पोरगा सुरतेहून आला, तेरावं करून गेला. गोठ्याच्या भिंतीला टेकवलेला तो थर्माकोल तो फेकायला निघाला होता. मी म्हटलं, राहू दे. का म्हटलं ते मलाही माहीत नाही.

चार महिने घरात आवाज म्हणजे फक्त पंख्याचा. रविवारी पोराचा फोन. घरात तिचे तीन फोटो आहेत, त्यामुळे चेहऱ्याची काळजी नव्हती. पण एक दिवस बागेतून येताना माझ्या ध्यानात आलं की ती मला हाक कशी मारायची, ते मला ऐकू येईना. शब्द माहीत होते. "आहो" म्हणायची. पण तो "आहो" कसा होता, जाड होता का बारीक, शेवटी वर जायचा का खाली, काही केल्या येईना. मी पाण्याच्या मोटारीच्या खोलीत दार लावून स्वतः म्हणून पाहिलं. तो माझाच आवाज निघाला. त्या दिवशी मी जेवलो नाही.

तेवढ्यात साडूचा निरोप आला, पिक्चर तयार आहे, या. मी गेलो असतो असं नाही. पण तिचं ते एक वाक्य त्यात होतं. म्हणून गेलो.

पितृपक्षात लग्नं नसतात, म्हणून त्याला धुळ्यात एक मंगल कार्यालय दुपारचं मिळालं होतं. पन्नास खुर्च्या, माणसं बावीस. स्टेजवर जिथं नवरा-नवरी बसतात तिथं पांढरी चादर ताणलेली. त्यानं मला पाहिलं आणि जवळ आला नाही. लांबूनच हात जोडले. मी पहिल्या रांगेत बसलो. सुळे दिसले की लोक हसत होते, मागे कोणी चिवडा खात होतं. तीनशे वर्षांचा माणूस दारोदार विचारत फिरत होता. बाप्ये बोलत होते तो आवाज साडूचा. बाया बोलत होत्या तोही साडूचाच, नाकात काढलेला. हे मला आधी कळायला हवं होतं. मग बाग आली. ती आली. तोंडावर ऊन छान पडलं होतं, ते मी पाडलेलं. तिनं मान वर केली, तोंड उघडलं, आणि माझ्या साडूच्या पिरपिऱ्या आवाजात म्हणाली, "मला अमर करा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून चादरीसमोर उभा राहिलो. ती माझ्या सदऱ्यावर दिसायला लागली.

"बंद कर," मी म्हटलं.

साडूनं बंद केलं.

"हा कोणाचा आवाज?"

"मन्हा," तो म्हणाला.

"तिचा कुठं आहे?"

"नाना, शूटिंगना आवाज कोनी ठेवस का? मोटार वाजस, कुत्रं भुकस. लग्नमां बी आपण तो काढी टाकतस आनि वरथून गानं टाकतस. चाळीस वरीस तेच करं."

"म्हणजे पुसलास?"

बावीस माणसांसमोर त्याचं तोंड उतरलं. मी त्याला शिवी दिली असती तरी इतकं लागलं नसतं. "नाना," तो म्हणाला, "मी आजपावत काही पुसेल शे का?"

मेव्हणीनं लोकांना चहा दिला आणि आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. कपाटांच्या खोलीत. कशावरच नाव नाही, त्यामुळे एकेक डबी लावून पाहावी लागली. दुपार त्यातच गेली. आधी सगळी लग्नंच निघाली, आणि गाणं टाकण्याच्या आधीची. कोणी म्हणत होतं, वरमाईला पाणी द्या. कोणी म्हणत होतं, भटजी कुठं गेले. एक म्हातारा कॅमेऱ्यात पाहून नुसता म्हणाला, "आता मी कुठं उभा राहू?" साडू म्हणाला, हा गेला. पुढच्या डबीतल्या बाईकडे बोट केलं, ही पण गेली. ज्याला मयतीला जाववत नाही, त्याच्या घरात इतके मेलेले लोक बोलत होते. आणि त्यानं त्यातला एकही टाकला नव्हता. माझा राग तिथं थोडा निवला.

मग बाग निघाली. मोटार वाजत होती, खरंच. पानं फडफडत होती. साडू सुळ्यांतून म्हणाला, "म्हातारे, तुले अमर करू का?"

तिनं मान वर केली. पिक्चरमध्ये वाटत होतं ती त्याच्याकडे पाहते आहे. ती त्याच्या खांद्यावरून मागे पाहत होती, जिथं मी पत्रा धरून उभा होतो.

"आहो," ती म्हणाली, "ठेवा ना ते खाली आता. हात भरून येतीन तुमचे. याचं काई आज उरकत नाई."

आणि लांबून माझा आवाज, "तू तुझं बोल ना."

आणि ती हसली. मग साडूचं "कट".

तो "आहो" शेवटी खाली यायचा. वर जात नव्हता. मला वर जायचा असं वाटत होतं.

सात वेळा लावायला सांगितलं. आठव्यांदा साडूनं बटण दाबलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. "स्टँडवर मी सहा तास बठनू, नाना," तो म्हणाला. "दोनदा उठनू. पाय गल्लीकडे वळेतच ना. अक्कानं मले कधी उपाशी धाडं नही. तिले झोपेल पाही लेतू तर मन्ही पुढली बठ्ठी जिंदगी तीच दिसती." मलाही तीच दिसते.

थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले आणि त्याच्यातला सिनेमावाला जागा झाला. "हाऊच आवाज टाकस," तो म्हणाला. "पिक्चरना अर्थ बदली जाई. लोके हसतीन. हसू दे." मग हळूच म्हणाला, "नाना, अक्का अमर व्हई गई."

"अमर बिमर काही नाही," मी म्हटलं. "तीन वाक्यं आहेत. टाक. पण 'याचं काई उरकत नाई' ते काढू नको."

"तेच काढनार व्हतू."

"म्हणूनच सांगतो."

तो माझ्या फोनमध्ये भरून देतो म्हणाला. माझा फोन बटणांचा. आणि स्क्रीनचा असता तरी मी घेतलं नसतं. घरात एकटा माणूस, दिवसभर तेच लावून बसलो असतो आणि बाग वाळली असती. मी म्हटलं, "तुझ्याकडेच असू दे. तू पुसत नाहीस. ऐकावंसं वाटलं तर धुळ्याला येईन, गाड्या आहेत."

स्टँडवर सोडायला आला. माझी पिशवी त्यानं गाडी हलेपर्यंत हातात धरून ठेवली, जणू पिशवी नसली तर मी जाणार नाही. शेवटी कंडक्टरनंच ती त्याच्या हातातून घेऊन माझ्याकडे दिली. खिडकीतून पाहिलं तर तो बाकड्यावर बसला होता. गाडी गेल्यावर कोणी बसतं का? तो बसतो.

सकाळी उठलो. एकट्याचा चहा आता जमतो. चहा घेऊन गोठ्याकडे गेलो. थर्माकोल भिंतीला टेकून उभाच होता, एका कोपऱ्याला उंदरांनी खाल्लेला, वर चिकाचे चार काळे डाग. दोन्ही हातांनी उचलला. हलका असतो, पण तेव्हा दुपारभर धरला होता. अंगणात नेऊन जमिनीवर आडवा ठेवला. मग हात मोकळे सोडून तिथंच उभा राहिलो.