निळं फूल आणि मेलेली बकरी

धुळ्याजवळच्या आमच्या गावी हिवाळ्यात हरभऱ्यात एक बारकं निळं फूल उगवतं. देठ चौकोनी, पाकळ्यांच्या मुळाशी लालसर ठिपका. दुपार कलली की मिटतं. जळगावला कॉलेजात कळलं, हे पिंपर्नेल, प्रिमरोजच्या कुळातलं आणि जनावरांना विषारी. गावात त्याला फक्त निळं फूल म्हणतात.

निंदलेलं गवत निंदणाऱ्या बायांचं, ही आमच्याकडची रीत. त्या ते बकऱ्यांना नेतात. गेल्या हिवाळ्यात काकांनी अळीसाठी हरभरा फवारला आणि दुसऱ्याच दिवशी निंदणीला बाया लावल्या. फवारल्याचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोणी आलं नसतं. त्या रात्री एकीची गाभण बकरी तडफडून मेली.

सकाळी ती बाई आमच्या ओट्यावर आली. काका म्हणाले, "तूच निळं फूल चारलं असशील."

"नाना, मी काय आंधळी शे का? ते फूल बकरी खात नही. निवडीसन बांधवर टाकेल शे."

काकांनी मला हाक मारली. "ही शिकलेली आहे. सांग गं, विषारी असतं की नाही?"

माझं बालपण शेतमजुरांच्या हक्कांची पत्रकं वाचण्यात गेलं. काही मी स्वतः वाटलीत. काकांना फवारताना मी पाहिलंही होतं. तरी त्या ओट्यावर मी म्हणाले, "हो, विषारी असतं." एवढंच. वाक्य खरं होतं, म्हणून तर किळस येते. जमलेल्यांनी माना डोलावल्या आणि ती खाली बघत निघून गेली.

मग मी शेतात गेले. बांधावर निळ्या फुलांचा सुकत चाललेला ढीग होता, एकेक रोप वेगळं काढलेलं. फवारणीच्या पंपाजवळ औषधाची रिकामी बाटली पडली होती. दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावर, त्याच माणसांसमोर मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. काका तंबाखू मळत राहिले. मी तिच्या घरी गेले.

"काल काबरं नही सांगं?" तिने विचारलं.

काकांविरुद्ध बोललं तर वाईट दिसेल, हे कारण मला तिच्यापुढे उच्चारवेना.

आता काकांच्या पाठीवर पंप दिसला की मी आधी बायांच्या गल्लीत जाऊन सांगते. दुसऱ्या दिवशी निंदणी होत नाही. काका मला घरभेदी म्हणतात आणि जेवायला वाढलं की माझ्या ताटाकडे बघतात.