उमेदवार अनिच्छुक

अर्जदाराचे नाव : प्रगती देवजी वारघडे. वय : अठरा. राहणार : खोडाळ्याजवळचा पाडा, तालुका मोखाडा. शिक्षण : बारावी विज्ञान. अभ्यासक्रम : नर्सिंग. प्रतीक्षा यादी क्रमांक : तीन. संपर्क : उपलब्ध. शेरा : उमेदवार प्रवेशास अनिच्छुक.

संपर्काचा नंबर सुदेशचा. सुदेश खोडाळा–मोखाडा जीप चालवतो, म्हणजे दिवसातला बराच वेळ रेंजमध्ये असतो. पाड्यावर रेंज नाही, म्हणून रेशनपासून गॅसपर्यंत प्रत्येक अर्जावर त्याचाच नंबर. कागदोपत्री सुदेश एकोणीस घरांचा कर्ता पुरुष आहे. त्याचं स्वतःचं लग्न अजून व्हायचंय.

यादीचं गणित प्रगतीला खोडाळ्याच्या सेतू केंद्रात कळलं. वरच्या दोघी दुसरीकडे गेल्या की आपला नंबर. मग नाशिकच्या कॉलेजातून फोन येणार आणि त्याच दिवशी मूळ दाखले घेऊन हजर व्हायचं. जव्हारला बी.ए.ची जागा होती, पण तिथे प्रवेश घेतला की दाखले तिथे जमा, आणि परत मिळायला आठवडा. म्हणून तिने बी.ए. घेतलं नाही. दाखले पिशवीत, पिशवी बॅगेत, बॅग दाराशी.

भातकापणी संपली होती. आई चंद्रकलाला मुकादमाकडे वसईच्या मजुरीच्या कामासाठी घरातली माणसं सांगायची होती.

"तुला मोजू का नको?"

"थांब ना आई."

"मी थांबलीच आहे. मुकादम थांबतो का?"

सकाळ झाली की प्रगती रस्त्यावर जीपची वाट बघायची. "सुदेशदादा, फोन आला की सांग हां."

"आला ना काल. बँकेचा. कार्ड बंद पडलंय म्हणतो. माझ्याकडे कार्डच नाही."

जीपच्या मागच्या सीटवरून म्हातारे पोश्याबाबा ओरडायचे, "नर्सबाई, आधी माझा गुडघा बघा!"

"बाबा, गुडघ्याचा नंबर चौथा आहे. वरचे तिघं हलू द्या."

जीप हसायची आणि निघून जायची. प्रगती तिथेच.

यादी मात्र हलत होती. तीनाचा दोन झाला, दोनाचा एक. शनिवारी जव्हारचे प्रवेश बंद झाले. सोमवारी सकाळी अकराला, मोखाड्याच्या अलीकडे, सुदेशचा फोन वाजला. त्याने जीप बाजूला घेतली.

"प्रगती वारघडे यांच्या घरून बोलताय ना? जागा रिकामी झाली आहे. प्रवेश घेणार का? हो की नाही?"

पाड्यात एक रीत आहे. दुसऱ्याच्या घराचा होकार आपण द्यायचा नाही, मग ते लग्न असो, बैल असो की जेवणाचं आमंत्रण. प्रगतीनेही 'फोन आला की सांग' एवढंच म्हटलं होतं. 'हो म्हण' असं पाड्यात कुणी कुणाला सांगत नाही. सुदेश सावरून बसला आणि फार अदबीने म्हणाला, "मॅडम, घरी विचारून सांगतो."

मॅडमनी पुढच्या नावाला फोन लावला.

जीप भरल्याशिवाय परत फिरत नाही. दुपारी तीनला सुदेश पाड्यावर पोहोचला तो हॉर्न वाजवतच. प्रगती बॅग घेऊनच जीपमध्ये चढली. रेंज लागल्यावर सुदेशने जीप थांबवून फोन तिच्या हातात दिला. मग तिने स्वतः फोन लावला.

"तुमच्याकडून होकार आला नाही," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या मुलीने लगेच दिला. यादी बंद झाली."

"मी रोज थांबले होते, मॅडम."

"इथे तसं काही लिहिलेलं नाही."

सुदेशने फोन खिशात ठेवला. जीप वळवून म्हणाला, "मी कसं हो म्हणणार होतो, सांग."

त्याच्या जागी ती असती, तर तीही मॅडमना हेच बोलली असती.

चंद्रकलाने मुकादमाला एक माणूस वाढवून सांगितला. गुरुवारी टेम्पो आला. नाशिकसाठी भरलेली बॅग प्रगतीने उघडलीच नाही, वसईला तीच नेली. मूळ दाखले अजून तिच्यातच आहेत.