त्यांच्या नंबरवरून

माझे पती वारले त्यानंतर चौदा महिने मी त्यांच्या फोनवरून त्यांच्या माजी सैनिकांच्या ग्रुपमध्ये राहिले, आणि ते नाहीत हे तिथं कुणालाच सांगितलं नाही.

ग्रुप नांदेड आणि लातूर जिल्ह्यातल्या रिटायर फौजींचा होता. कुणीतरी त्यांना त्यात घेतलं होतं. चार वर्षांत त्यांनी तिथं एक अक्षर लिहिलं नव्हतं. वाचायचे मात्र सगळं. फौजेतून हवालदार म्हणून आल्यावर ते लातूरला एका क्लासच्या मुलींच्या होस्टेलवर गेटला बसत. तेव्हा आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरावर ‘रूम भाड्याने’ची पाटी लागली होती. जून महिन्यात रिक्षा भरभरून गाद्या, बादल्या, पत्र्याच्या ट्रंका यायच्या. मुली गेटवर नाव लिहून आत गेल्या की हे खुर्चीवर बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून फोन वाचत. संध्याकाळी मी डबा घेऊन जायची. ते एकटेच हसत असायचे.

“काय म्हणून राहिले तुमचे लोक?” मी विचारायची.

“काही न्हाई. त्याच गोष्टी.”

ते गेल्यावर मुलानं पुण्याहून सांगितलं, आता तो नंबर बंद करून टाक. मी बँकेचं कारण सांगितलं. खरं म्हणजे सकाळी तो फोन वाजला की घरात कुणीतरी उठल्यासारखं वाटायचं. मी चहा घेऊन बसायची आणि त्यांच्या ओळखीपाळखीच्या लोकांचं बोलणं वाचायची. त्यांच्या निधनाचं कळवायला हवं, हे रोज मनात यायचं. पण कळवलं की शंभर जण हात जोडलेले पाठवतील, आणि दुसऱ्या दिवशी नंबर ग्रुपमधून जाईल. माझ्यानं ते होईना.

ग्रुप चालवणारे एक रिटायर सुभेदार होते, मुदखेडचे. कोण लिहितं आणि कोण नुसतंच वाचतं, यावर त्यांची बारीक नजर. गप्प बसणाऱ्यांना ते ग्रुपवर कधी बोलायचे नाहीत. एकेकाला वेगळा निरोप पाठवायचे. आमच्या फोनवर दर आठ-पंधरा दिवसांनी यायचा: “हवालदार साहेब, राम राम. बरे आहात ना? तुमची आठवण काढली.” मी वाचून फोन पालथा ठेवायची. एकदा त्यांनी लिहिलं, “लिहायला जमत नसंल तर नुसतं बोलून पाठवा, ऐकून घेऊ.” त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

रविवारी ते सगळ्यांना एक साधा प्रश्न घालायचे. पहिल्यांदा भरती होऊन निघालात तेव्हा ट्रंकेत आईनं काय दिलं होतं? फौजेच्या लंगरमधल्या, म्हणजे मेसमधल्या, कुठल्या भाजीचा कंटाळा आला होता? घरून आलेलं पत्र कुठं बसून वाचायचात? प्रश्न असा असायचा की उत्तर प्रत्येकापाशी असेच. इस्लापूरकडचे एक रिटायर नायक तीन वर्षं गप्प होते. ट्रंकेच्या प्रश्नाला त्यांनी बोलून उत्तर पाठवलं: आईनं ज्वारीचं पीठ दिलं होतं, ट्रेनिंग सेंटरवर कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी विचारलं हे काय, तर त्यांना हिंदीत ज्वारी म्हणजे काय ते सांगता येईना, म्हणून त्यांनी ते चिमूटभर तोंडात टाकून दाखवलं. मग उस्तादांनीही टाकलं. मी स्वयंपाकघरात एकटी हसले. ह्यांच्या आईनं ट्रंकेत काय दिलं होतं ते मला पाठ होतं. शेंगदाण्याची चटणी, दोन बनियन आणि मारुतीचा फोटो. पण मी कशी लिहिणार?

मग एका रविवारी प्रश्न आला: त्र्याण्णवच्या भूकंपात कोण कोण कामाला होतं?

त्या वेळी आम्ही औसा तालुक्यात, त्यांच्या गावी राहायचो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ते गणपतीच्या सुट्टीवर आले होते. आमच्या भिंतीला नुसत्या भेगा गेल्या, पण सकाळी दक्षिणेकडच्या गावांच्या बातम्या यायला लागल्या. त्यांनी ट्रंकेतून वर्दी काढली, अंगात घातली आणि मिळेल त्या ट्रकमध्ये बसून गेले. अकरा दिवसांनी आले. हापशावर जाऊन वर्दी स्वतः धुतली, मला हात लावू दिला नाही. सुट्टी संपत आली होती, दोन दिवसांनी पलटणीत निघून गेले. नंतर कधीही विचारलं तर एकच उत्तर: “माती उपसली.”

माझ्या मनात त्याचा राग होता. ते होते तिथून आमचं गाव ट्रकनं तासाभराच्या वाटेवर. मी दोन लहान मुलांना घेऊन अंगणात ताडपत्रीखाली राहत होते, जमीन रोज हलत होती, आणि हा माणूस एकदासुद्धा तोंड दाखवायला आला नाही. हा राग मी त्यांच्या माघारीही सांभाळून ठेवला होता.

त्या रविवारी देगलूरच्या एका ड्रायव्हरनं लिहिलं. त्यांची तुकडी बाहेरून आली होती, जवान सगळे परमुलखातले, मराठी येणारा तो एकटा आणि तो दिवसभर गाडीवर. दुसऱ्या दिवशी सुट्टीवरचा एक हवालदार आपण होऊन हजर झाला. तो ढिगाऱ्यापाशी बसलेल्या माणसांजवळ जाऊन बसायचा, घरात कोण कुठं झोपायचं, दार कोणत्या अंगाला होतं, ते हळूहळू विचारून घ्यायचा आणि मग जवानांना जागा दाखवायचा. संध्याकाळी तो शाळेच्या वहीत लाल पेनानं लिहिलेली, दिवसभरात सापडलेल्यांची नावं गावकऱ्यांना वाचून दाखवायचा. “फौजी माणसाजवळ लाल पेन कुठून आला, याचं आम्हाला नवल वाटायचं,” ड्रायव्हरनं लिहिलं होतं. “नाव विसरलो. कुठला होता तो?”

कुणी म्हणालं किनवटचा. कुणी म्हणालं, न्हाई, उदगीरचा, मी ओळखतो.

त्याच दिवसांत माझ्या घरच्या कपाटातून दोन कोऱ्या वह्या आणि तपासणीचा लाल पेन नाहीसा झाला होता. मी तेव्हा घरी येणाऱ्या शाळेतल्या पोरांवर संशय घेतला होता.

मी लिहायला बसले. चार वेळा लिहून खोडलं. शेवटी गेलं ते असं: “ते माझे पती. औसा तालुक्यातले. पेन माझा होता, मी शिक्षिका होते. ते मागच्या वर्षी वारले. त्यांच्या फोनवरून मीच वाचत असते. चुकलं असेल तर माफ करा.”

मग फोन वाजला. सुभेदार होते.

“वैनी, मी वर्षभर तुम्हालाच हवालदार साहेब, हवालदार साहेब म्हणून राहिलो.”

“हाव.”

“आन तुम्ही वाचून राहिल्या.”

“हाव. नंबर काढायचा असंल तर काढा, माझं काही म्हणणं न्हाई.”

“कोण काढतंय?” ते म्हणाले. “तुम्ही कुठल्या म्हणायच्या?”

“माहेर मुदखेडच. वडील रेल्वेत होते, स्टेशनामागं आमचं क्वार्टर.”

मग आम्ही पाऊण तास मुदखेड स्टेशनावरच बोललो. ते भरती होऊन तिथूनच निघाले होते. गाडीचं इंजिन बदलेपर्यंत त्यांची आई खिडकीचा गज धरून उभी होती आणि शेवटी बोलायचं सगळं संपलं, म्हणून दोघं पेरूच्या टोपल्या मोजत बसले. मी अशा कितीतरी आया लहानपणी बघितल्या होत्या. फोन ठेवताना ते म्हणाले, “आता गप बसायचं न्हाई, वैनी.”

दुसऱ्या दिवशी देगलूरच्या ड्रायव्हरचा फोन आला. त्या अकरा दिवसांतलं मला जे कधीच कळलं नव्हतं, ते त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, “मी त्यांना रोज म्हणायचो, साहेब, चला, गाडीत घालून घरी सोडतो, लेकरं बघून या. ते म्हणायचे, नको. एकदा घरी गेलो की माझ्यानं परत येणं होणार न्हाई.”

मी फोन ठेवला आणि अंगणात जाऊन बसले. राग कुठं ठेवायचा ते कळेना. तो एकदम गेला असं नाही. हळूहळू, बऱ्याच दिवसांनी गेला.

पुढं सुभेदारांनी मला गप्प मेंबरांपैकी अकरा नंबर दिले. “बाईमाणसाच्या फोनला न्हाई म्हणवत न्हाई,” ते म्हणाले. तसं काही नव्हतं. एकानं मला झिडकारलं आणि ग्रुप सोडला. दोघांनी ‘बघू’ म्हटलं आणि अजून बघतच आहेत.

नायगावचा नंबर लावला तर बाईनंच उचलला. नवऱ्याला लकवा झालेला, वाचा गेलेली. ती सकाळी त्यांच्या उशाशी बसून ग्रुपवरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवायची.

“मग तुम्ही लिहा की,” मी म्हटलं.

“म्या काय लिहू, बाई? म्या काय फौजेत होते?”

“वाचून दाखवल्यावर ते काय करतेत, ते लिहा.”

चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी इस्लापूरच्या नायकांनी आपल्या सेंटरवरच्या न्हाव्याची गोष्ट सांगितली. तिच्याखाली नायगावच्या नंबरवरून एकच शब्द आला: “हसले.”

लगेच सगळे विचारायला लागले, कशाला हसले, कुठल्या वाक्याला हसले. ती बाई दुपारपर्यंत लिहीत होती.