विहिरीपासूनची पावलं

युद्ध आणि स्मृती असल्या भारी विषयावर सिनेमा काढणारी ती शहरातली मंडळी आमच्या बोरी बुद्रुकला आली, तेव्हा गाडीतून उतरतानाच त्यांची तोंडं पडली. ऊस हिरवागार, टोमॅटो लालबुंद, आणि माझे चुलते, लष्करातून निवृत्त झालेले नाना, अंगणात स्कूटर धुतायत. दुःख कुठंच दिसेना! मग नानांना उचलून नेलं थेट घाटघरच्या धुक्यात आणि अंगावर कुणाचं तरी घोंगडं टाकलं.

"आमी डोंगरातलं न्हाई ओ," नाना म्हणाले.

"काका, फ्रेममध्ये छान दिसतंय," दिग्दर्शक म्हणाला. म्हणजे आम्ही कोण, कुठले, हेसुद्धा यांनीच ठरवायचं.

नाना हे सोसत होते त्याला एक कारण होतं. तरुणपणी त्यांची तुकडी समुद्रापलीकडच्या एका बेटावर होती. तिथल्या गावचा तरुण मास्तर गोळीबारात सापडून मेला. गाव आधीच पांगलेलं, म्हणून नानांनीच त्याला पुरलं. त्याची आई निर्वासितांच्या छावण्या-छावण्यांतून त्याला शोधतेय असं पुढं कानावर आलं, तोवर तुकडी हलली होती. सिनेमा त्या बेटावरही दाखवणार, असं दिग्दर्शक म्हणाला म्हणून नाना तयार झाले.

कॅमेऱ्यासमोर त्यांनी सगळं नीट सांगितलं. गावाचं नाव, देवळामागची विहीर, तिथून कुठल्या अंगाला किती पावलं, कुठल्या ताडापाशी. "त्याच्या आईला कळू द्या," म्हणाले.

"सुंदर. आता काही न बोलता दरीकडं बघा."

जुन्नरला सिनेमा दाखवला, तेव्हा नाना कडक इस्त्री करून पहिल्या रांगेत बसले. पडद्यावर धुकं, घोंगडं, बासरी, आणि नाना आपले दरीकडं बघतायत, बघतायत, बघतायत. विहिरीचा पत्ताच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काका, मौन जास्त बोलतं," दिग्दर्शकानं शहाणपण शिकवलं. बोलतं म्हणे! मग विचार की राव त्या मौनाला, विहिरीपासून किती पावलं ते!

"मंग तिला कसं कळायचं?" नाना म्हणाले. दिग्दर्शक तोवर लोकांबरोबर फोटो काढायला वळला होता.

यंदा नाना विसरायला लागले. घाबरून मी दिग्दर्शकाला फोन लावला, नानांचं ते बोलणं तेवढं मागितलं. म्हणाला, "ते पुसलं हो. साठवायला जागा नव्हती." स्मृतीवर सिनेमा काढणाऱ्याकडं जागा नव्हती! तोंडाला येईल ते बोललो आणि फोन आपटला.

मग वही घेऊन नानांपाशी बसलो. "नाना, विहिरीपासून किती पावलं?"

"तीस," नाना म्हणाले. थांबले. "न्हाई, चाळीस. का रं, तू व्हतास की तिथं, मी सांगितलं तवा."

होतो ना. त्यांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून थर्मोकोलचा पांढरा तक्ता दोन्ही हातांनी धरून तिथंच उभा होतो. नाना पावलं सांगत होते, आणि मी विचार करत होतो, शेवटी पडद्यावर माझं नाव येईल का.