मुरूमच्या दारूवाल्या बाया

मामीचा फोन आला आणि मी जायचं ठरवलं. "सुधा, दत्ता तुळजापुरात माळ घालतोय. देवीआईसमोर दारू सोडतोय. तू ये बाई, तुझं ऐकतो तो." माझं कुणीच ऐकत नाही, घरचं मांजरसुद्धा. पण दत्ता माझा एकुलता एक मामेभाऊ. मुरूममध्ये त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची आणि तांब्याच्या तारेचे वेढे मोजून पुन्हा भरायचे, हे त्याचं काम. या कामात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता, आणि पिण्यातही नव्हता. अलीकडे तर सकाळी चहाच्या आधी घोट घेतल्याशिवाय त्याच्या हातात पकड ठरायची नाही. शिवाय नळदुर्गचा किल्ला माझा बघायचा राहिलेला. म्हटलं देवी, भाऊ आणि किल्ला, एका खेपेत तिन्ही होतील.

पुण्याहून सोलापूर रेल्वेनं आणि तिथून एसटीनं गेले. सोलापूर-तुळजापूर गाड्या दिवसभर असतात, बायकांना अर्धं तिकीट, आणि घाट लागला की पिशव्या आवरायला घ्यायच्या. जाणार असाल तर मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. मी शुक्रवारी गेले, कारण मुहूर्त मामीनं काढला होता. व्हायचं तेच झालं. रांगेत पाय मोडले आणि एका बाईनं तिचं पोर माझ्या कडेवर दिलं ते गाभाऱ्यापर्यंत परत घेतलंच नाही.

मामी, दत्ता आणि त्याची बायको शोभा मला कल्लोळ तीर्थापाशी भेटले. मी दत्ताकडे बघितलं. पन्नाशीही नाही, पण गाल आत गेलेले, डोळे पिवळट. "ताई, आता बघ तू," एवढंच म्हणाला. त्यांच्या घरच्या पुजाऱ्यांनी त्याच्या गळ्यात कवड्यांची माळ घातली. "आई, सोडली," तो मोठ्यानं म्हणाला आणि दगडावर डोकं टेकलं. मामी हुंदके देऊन रडली. मीही रडले.

पुजारी बोलके होते. बाहेर प्रसाद देताना त्यांनी मला सांगितलं की इथली मूर्ती कायमची बसवलेली नाही, ती हलते. वर्षातून ठरलेल्या वेळी आईला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, तिला निद्रा देतात. "देव झाला म्हणून काय झालं, जागरण झालं की झोप पायजेच," ते म्हणाले. मला ते फार आवडलं, म्हणून वहीत टिपूनही ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जीप करून मुरूमकडे निघालो. वाटेत नळदुर्ग. किल्ला बघाच, सकाळी लवकर जा, पाणी आणि टोपी बरोबर ठेवा. बोरी नदी अडवून बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात महाल आहे, त्याच्या खिडकीत बसलं की उन्हाळा विसरायला होतो. दत्ता मात्र पायरीवरच बसून राहिला. सदरा घामानं चिंब, हात थरथरत होते. मी म्हटलं, "काय रे, बरं नाही का?" तो हसला. "सुटायला लागलीय, ताई." मामीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "विष निघतंय बाबा, निघू दे." आम्ही भाकरी, पिठलं आणि ठेचा खाल्ला, त्यानं घासही घेतला नाही. येणेगूरला हायवे सोडून आत वळलो आणि दिवस मावळायच्या आत मुरूमला पोचलो.

सकाळी मला आरतीनं जाग आली. बाहेरच्या खोलीत दत्ता भिंतीला टेकून बसला होता आणि सगळं अंग गदगदा हलत होतं. डोळे विस्फारलेले. मांडीवरून, दंडावरून तो मुंग्या वेचाव्यात तसं काहीतरी वेचून टाकत होता आणि ओरडत होता, "आल्या! लाल, लाल! आल्या!" मामी हात जोडून समोर उभी. "आई आली गं! लाल लुगडं मागतीय!" शेजारणी धावल्या. कुणी कापूर लावला, कुणी त्याच्या कपाळाला मळवट भरला. त्याच्या मांडीवर लाल लुगडं टाकलं, तर तो किंचाळून कोपऱ्यात सरकला. "आई रागावलीय," असं ठरलं आणि आरतीचा आवाज आणखी वाढला.

मी शाळेत शिकवते. अंगात येणं वगैरेवर वर्गात भाषणं ठोकते. पण त्या खोलीत, त्या कापराच्या धुरात, बायकांच्या त्या आवाजात माझे गुडघे आपोआप टेकले. मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. वाटलं, दोन दिवस दारूवाचून राहिलाय हा माणूस, हे देवीशिवाय कोण करणार?

दिवसभर गावातली माणसं येत राहिली. एकानं विहिरीला पाणी कधी लागेल ते विचारलं, एकीनं सुनेला मूल कधी होईल ते. दत्ता भिंतीकडे बघून आमच्या वारलेल्या मामांशी बोलत होता. पाणीसुद्धा पीत नव्हता. शोभा स्वयंपाकघरात चहा करकरून थकली होती. संध्याकाळी मी तिच्याजवळ गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "वन्सं, देवी असं मुतती का हो जागेवर?"

मी कोपऱ्यातलं फडकं उचललं.

"कमलाक्काला बोलवू का?" तिनं विचारलं. ही कमलाक्का कोण, तर गावातल्या दारू पिणाऱ्यांच्या बायकांनी मिळून एक बैठक चालवली आहे, तिची म्होरकी. दर गुरुवारी समाजमंदिरात ती सगळ्या नवरा-बायकोंना समोरासमोर बसवते. बैठकीला नाव नाही. गाव त्यांना 'दारूवाल्या बाया' म्हणतं. न पिता बिचाऱ्यांच्या कपाळी ते नाव लागलंय. मामीनं तिला पूर्वी दारातून हाकललं होतं, आमच्या घरात तसलं काही नाही म्हणून. मी म्हटलं, "सकाळपर्यंत बघू." हे वाक्य माझं आहे. शोभाचं नाही.

सकाळी दत्ताचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि जीभ वळत नव्हती. शोभा कुणालाही न विचारता गेली आणि कमलाक्काला घेऊन आली. धिप्पाड बाई, आवाज हलगीसारखा, तोंडात तंबाखू. मागं आणखी दोघी.

मामी दारात आडवी झाली. "तुजं काय काम हितं? माज्या घरात आई आलीय, दारू न्हाय!"

मला वाटलं, आता ही मामीला खडसावणार. कमलाक्कानं तंबाखू थुंकली, चूळ भरली, पाय धुतले आणि सरळ आत जाऊन दत्तासमोर लोटांगण घातलं. बरोबरच्या बाईनं नारळ, खण, तांदूळ काढले. साग्रसंगीत ओटी भरली. मग कमलाक्का गुडघ्यावर बसली, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, लई जागरण झालं बगा तुमचं. डोळं कसं लालबुंद झाल्यात. आता निद्रेची येळ झाली. पलंग आणलाय म्या."

आरती थांबली. मामीचा हात खाली आला. तुळजापूरच्या सावलीत जन्म गेलेल्या त्या बायकांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "व्हय गं," एक म्हातारी शेजारीण म्हणाली, "आईला झोप तर पायजेच की."

दारात पिकअप उभी होती. मागं लोखंडी पलंग, वर गादी, गादीवर नवी कोरी चादर. चौघांनी दत्ताला उचललं. मामीनं स्वतः त्याच्या अंगावर शाल घातली, वाटेवर पाणी शिंपडलं. आणि आम्ही आरती म्हणत उमरग्याच्या दवाखान्यात गेलो. आरतीसह आलेला तो पेशंट बघून तिथं कुणी हसलं नाही. वॉर्डबॉयनं कमलाक्काला फक्त विचारलं, "कितवा दिवस?" म्हणजे दारू बंद केल्यापासूनचा. मग सलाइन, सुया, धावाधाव. दुपारी दत्ता झोपला. मामीनं काचेतून बघितलं, हात जोडले आणि म्हणाली, "लागली बाई आईला निद्रा."

बाकावर मी कमलाक्काशेजारी बसले होते. मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. म्हटलं, "तुम्ही खोटं का बोललात? सरळ सांगायचं, हे दारू तुटल्याचं आहे, देवी नाही."

"खोटं कुटं? झोपला का न्हाय?" ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून, "माज्या मालकाला बी अशीच आली हुती. त्येनं बी माळ घातली न् सोडली एकदम. सगळं गाव पाया पडून गेलं. म्या बी पडले. पाय तापल्याले हुते, म्हणलं देवीचं तेज हाय. मग फीट आली, अन् संपलं. बाया म्हणल्या, आईनं नेला, भाग्याची हाइस. म्या भाग्याची!" ती हसली, आणि मला ते हसू बघवेना. "सुरवातीला आमी बी घरोघर सांगायचो, ही देवी न्हाय म्हणून. चपला खाल्ल्या. एका घरात आमी भांडत बसलो तवर माणूस गेला. तवापासनं भांडत न्हाय. वटी भरतो अन् पलंग नेतो."

माळेला तिचा विरोध नाही. "घाला की माळ. पण आदी डॉक्टरला दावा, त्येच्या गोळ्या घ्या, मग घाला." वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी रोज पिणारं माणूस असेल, तर प्रवासाच्या सगळ्या टिपांमधली ही एक टीप लक्षात ठेवा. एकदम तोडू नका. किल्ला नाही बघितलात तरी चालेल.

सुट्टी संपल्यावरही मी थांबले. दत्ता शुद्धीवर आला, पण पूर्ण आला नाही. लहानपणीचं सगळं आठवतं, मामांच्या धोतराचा सोगासुद्धा. आत्ता जेवला की नाही, ते आठवत नाही. दुकानात बसला तर तार हाताला ओळखते, वेढे मात्र मध्येच विसरतो आणि मोटार वाया जाते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तो पोरासारखा रडला. कमलाक्का दुसऱ्या दिवशी दोन बायकांना घेऊन दुकानात हजर. एकीनं त्याच्याशेजारी पोतं अंथरलं आणि तो तार फिरवेल तसे मोठ्यानं वेढे मोजायला लागली. आता ते काम शोभा करते. बैठकीच्या बायका तिच्या घरचा स्वयंपाक पाळीपाळीनं उरकतात. दुकान चालू आहे. गिऱ्हाइकं कुजबुजतात, पण मोटारी आणतात.

परत येताना सोलापुरातून शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेतली, तीही गाडीत तोंडात फिरेना. आता पुण्यात आहे, वर्ग चालू आहेत. भाऊ जिवंत आहे आणि पीत नाही. हे कमी नाही, असं मी स्वतःला सांगते आणि ते खरंही आहे.

डॉक्टरांनी मला आणि शोभाला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली होती. पहिल्या सकाळी आणलं असतंत तर बहुतेक पूर्ण सावरला असता. मामीला हे कुणी सांगितलेलं नाही. कमलाक्कानं आम्हाला तशी शपथच घातली. मामीला वाटतं, आई दोन दिवस तिच्या घरी राहिली आणि जाताना लेकाचा जीव ठेवून गेली.

मामी हा ब्लॉग वाचत नाही आणि नावं मी सगळी बदलली आहेत. पण तुम्ही त्या बाजूला गेलात, आणि एखाद्या म्हातारीनं चहा देऊन तिच्या घरी आलेल्या देवीची गोष्ट सांगितली, तर हात जोडून ऐकून घ्या. पुढं काही विचारू नका.