एकतिसाव्या पानावरच्या खुणा

रहस्यकथांबद्दल माझी पहिली तक्रार ही, की खून झाला रे झाला की पहिला संशय घरगड्यावर. बंगला मालकाचा, तिजोरी मालकाची, भांडण पुतण्याशी, आणि इन्स्पेक्टर दरडावतो कोणाला, तर चहा आणणाऱ्याला. विज्ञानकथांबद्दलची तक्रार त्याहून मोठी. तीनशे वर्षांनंतरचं अंतराळयान, आणि आतल्या सगळ्या शास्त्रज्ञांची आडनावं पुण्यातल्या दोन पेठांतली. आमच्यातलं कोणी यानात नाही. झाडलोट यंत्रमानव करतो, म्हणजे तीही जागा गेली.

असल्या तक्रारी करता याव्यात इतकी पुस्तकं मी गेल्या चार महिन्यांत वाचली. त्याआधी हात लावत नव्हते. मी पत्रकं लिहिते. बसथांब्यावर छप्पर नाही, कचरा वेचणाऱ्या बायकांना हातमोजे नाहीत, वसतिगृहात पाणी नाही. आमच्या घरात पुस्तक म्हणजे शिकायची गोष्ट. वडील जयंतीच्या स्टॉलवरून पुस्तिका आणायचे आणि दोन्ही हातांनी कपाटात ठेवायचे. लहानपणी एका पुस्तकात पेन्सिलीने फूल काढलं म्हणून मी मार खाल्लाय.

म्हणून कोथरूडच्या आमच्या वाचनालयात, एका सोसायटीच्या तळमजल्यावर, एक रहस्यकथा सहज उघडली आणि एकतिसाव्या पानाच्या समासात पेन्सिलीचा त्रिकोण दिसला तेव्हा डोकं सटकलं. शेजारी एक टिकली. खाली फुली. दुसरं पुस्तक काढलं, तिथेही एकतिसाव्याच पानावर. रहस्यकथांचं आणि विज्ञानकथांचं, दोन्ही कपाटं तशीच. विज्ञानकथांत आणखी एक नाजूक मासोळी, शेपटीसकट.

मी पत्रक काढलं. 'पुस्तक तुमच्या बापाचं नाही' हा मथळा वाचनालयाच्या बाईंनी बदलायला लावला. 'खुणा करणाऱ्यांचं सभासदत्व रद्द करा' ही मागणी मात्र मी सोडली नाही. बाई म्हणाल्या, "अगं, त्या खुणा आहेत कशाच्या ते तरी..." मी त्यांना बोलू दिलं नाही. पत्रक फलकावर लावलं, रबर विकत आणलं आणि रोज संध्याकाळी दोन तास खोडत बसले.

एकतिसावं पान ही वाईट जागा आहे. तोवर प्रेत सापडलेलं असतं. खोडता खोडता बत्तिसावं वाचलं जातं, मग मागे जाऊन पहिलं. एका कादंबरीत चंद्रावरच्या वसाहतीत हवा वाटून देतात. किती कोणाला, ते समिती ठरवते आणि समितीची माणसं वरच्या मजल्यावर राहतात. लेखकाला हे नुसतं दृश्य वाटलं, त्याने त्यावर पुढे एक ओळ लिहिली नाही. मी रागाने पुस्तक मिटलं आणि लगेच उघडलं, कारण वरच्या मजल्यावरची हवा संपत आली होती. दुसऱ्या एका कादंबरीत पोलीस यायच्या आत घरातली सून विषाचा कप विसळून ठेवते. स्वच्छतेची सवय. पुरावा गेला. मी मोठ्याने म्हटलं, काय मूर्ख बाई आहे! आणि पुढच्या पुस्तकातला त्रिकोण खोडला.

मग वाचनालयाच्या समितीची सूचना लागली. तीन वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तकं रद्दीत जातील. त्या जागी स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी टेबलं. टेबलांना माझा विरोध नाही. तसल्याच एका टेबलावर मी दोन वर्षं काढलीत. पण नोंदवहीप्रमाणे रहस्यकथा आणि विज्ञानकथांची दोन्ही कपाटं जवळजवळ कोरी होती.

"खोटी आहे नोंदवही," मी बाईंना म्हणाले. "माणसं वाचताना दिसतात मला."

"खोटी नाही. घरी नेलेल्या पुस्तकांचीच नोंद होते. कार्डावर एकच पुस्तक मिळतं, ते एक घरच्यांसाठी नेतात. ही इथेच बसून वाचतात. बांधणी सगळ्यांची तपकिरी, नावं सारखी, वाचणाऱ्यांची वयं झालेली. वाचलेलं परत हातात येऊ नये म्हणून एकतिसाव्या पानावर ज्याची त्याची खूण. मी यायच्या आधीपासून चाललंय."

"मग हाच पुरावा की!"

"होता," बाई म्हणाल्या. "तू खोडलास."

त्या संध्याकाळी मी पानं उजेडात तिरकी धरून पाहिली. कादंबरीत असं पाहिलं की दाब उमटलेला दिसतो. मला काही दिसलं नाही. रबर चांगलं होतं.

रविवारी दहा वाजता सभा. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक, आवाज मऊ, शब्द सुरीसारखे. समोर वीसेक सभासद. दुसऱ्या पंख्याखाली वारज्याचे काका, जे बस चालवून निवृत्त झाले आणि आता रोज बसने वाचायला येतात.

"वाचक आहेत म्हणता," अध्यक्ष म्हणाले. "दिसत तर नाहीत. विज्ञानकथेतले असतील, अदृश्य."

"आहेत. खुणा होत्या. मी खोडल्या."

"वा! म्हणजे गुन्हा तुम्हीच उघडकीला आणलात आणि पुरावाही तुम्हीच नष्ट केलात. आपणच लिहा एखादी रहस्यकथा."

लोक हसले. मी वळून म्हणाले, "ज्यांनी खुणा केल्यात त्यांनी कृपा करून हात वर करा."

एकही हात नाही. काका खिडकीबाहेर बघत होते. एका आजींनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. मला संताप आला. दोन कपाटं रद्दीत निघालीत आणि यांना हात उचलवत नाही! मग अध्यक्षांच्या डोक्यावर नजर गेली. फलकावर माझंच पत्रक. ठळक अक्षरात, खाली दोन रेघा. हात वर करणाऱ्याचं सभासदत्व रद्द करा, असं मीच सांगून ठेवलं होतं. इथला दुसरा पंखा हेच ज्यांचं दुपारभराचं घर, ते कशाला हात वर करतील?

मी पत्रक ओढून काढलं. टाचण्या खाली पडल्या. बाईंच्या टेबलावरची पेन्सिल घेतली, कपाटातून चंद्रावरची कादंबरी काढली, एकतिसावं पान उघडलं आणि समासात चौकोन काढला. घाईत चौकोन वाकडा आला.

"ही मी वाचलीय," अध्यक्षांना म्हणाले. "करा माझं सभासदत्व रद्द."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

मग मागून आवाज आला, "पोरी, ती पेन्सिल दे इकडं. त्या कपाटात माझा तिरकोन हाय. व्हता."

काका उठले. त्यांच्यामागे पर्सवाल्या आजी: "टिकली माझी हो. फुली कोणाची ते मी सांगणार नाही, ते बसलेत तिकडे." फुलीवाले लाजत उठले.

"थांबा," अध्यक्ष म्हणाले. "बुधवारी सकाळी टेम्पो येणार. तोवर ज्या पुस्तकात खूण असेल ते राहील. टेबलांचं बघू. पण न वाचता खूण केलीत तर मी विचारीन, खुनी कोण. सांगावं लागेल."

"इचारा की," काका म्हणाले. "पुतण्या. धापैकी सात येळा पुतण्याच असतो."

दुपारी एकपर्यंत रांग होती. शेवटी खालच्या फळीवर आठ पुस्तकं राहिली, सगळी विज्ञानकथा. म्हणजे ज्यांत फक्त मासोळी होती, ती. मासोळी कोणाची ते कोणालाच माहीत नव्हतं. बाईंना एवढंच आठवलं, की एक उंच बाई कोपऱ्यात बसायच्या, स्वतः सभासद नव्हत्या, कोणाच्या तरी कार्डावर यायच्या, बऱ्याच महिन्यांत आल्या नाहीत.

सोमवार-मंगळवार मी कामावर सुट्टी टाकली. वाचनालय उघडताना आत, बंद होताना बाहेर. काका डब्यातली अर्धी भाकरी पुढे सरकवायचे. "मला यानबिन कळत नाय, न्हायतर दोन मी घेतली असती." इतक्या घाईत कधी वाचू नये. कुठल्या ग्रहावर कोण मेलं याचा गोंधळ होतो. सहा संपली, सहा वाकडे चौकोन काढले.

बुधवारी टेम्पो दारात लागला तेव्हा दोन उरली होती. पेन्सिल हातात होती. मासोळी काढायला कितीसा वेळ, चार रेघा. बाई मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या. मी काढली नाही. जे वाचलं नाही ते वाचलं असं लिहायचं नाही, आणि दुसऱ्याची सही तर करायचीच नाही. सुतळी बांधून दोन्ही गेली.

त्यांतल्या एकाचं एकतिसावं पान मला पाठ आहे, खोडताना वाचलं होतं; त्या दिवशी पान उलटायच्या आत वाचनालय बंद झालं. दूरच्या बर्फाळ ग्रहावर एकटी राहणारी बाई सकाळी नोंदवही उघडते आणि तिला उद्याची नोंद आधीच लिहिलेली दिसते, तिच्याच अक्षरात. नोंदीत काय होतं ते बत्तिसाव्या पानावर. ते आता एकाच माणसाला माहीत आहे.

पत्रकाच्या जागी मी फलकावर छोटा कागद लावलाय. मासोळी काढणाऱ्या बाईंनी कृपया भेटावं. दंड नाही.